उचलण्याआधी

ॲबर्डीनच्या हेलिपोर्टवर खांदे मोजायची टेप असते,
शिंप्याकडे असते तशीच, पण शिवायचं काही नसतं.
मर्डो गेडेस भिंतीला पाठ लावून उभा राहिला,
बावीस वर्षं राहतोय तसा, विनोद तयार ठेवून:
"हाडंच रुंद, बाई. आमच्या घराण्यातच आहे."
या वेळी तिला हसू आलं नाही.
आकडा लिहिला, दंडाला पट्टा बांधला,
मोठ्या खिडकीजवळची जागा दिली.
का, ते सगळ्यांनाच माहीत असतं:
समुद्रात पडलो तर लहान खिडकीतून
तो बाहेर निघणार नाही.
त्याच्यामागे बसलेलाही.

दीड तास खाली करडं पाणी.

मर्डो क्रेन चालवतो.
कंटेनरवर वजन लिहिलेलं नसलं तरी
दोर ताणला की त्याला कळतं,
साडेतीन टन, पावणेचार,
वाऱ्यात किती झुलेल, कुठे टेकवावं.
केबिनमधला तक्ता त्याला तोंडपाठ:
एवढ्या अंतरावर एवढंच,
त्यापुढे नाही, खालचा कितीही बोंबलो.
स्वतःचा आकडा मात्र तो अंदाजानेच सांगत आला,
नेहमी खालच्या अंगाने.

कोबीचं सूप झालं. लग्नाआधी उपास झाले.
बापाच्या बायपासनंतर सायकल आणली,
ती अजून गॅरेजात आहे, तिच्यावर छत्र्या वाळतात.
अकरा किलो उतरले, चौदा चढले.

आता कॅन्टीनच्या दाराशी कंपनीचं पत्र:
येत्या वर्षापासून अमुक किलोच्या वर
हेलिकॉप्टरात घेणार नाही.
म्हणजे पोटापाण्याचा प्रश्न.
पाण्याचं सोडा,
पोटाचाच.

त्याच आठवड्यात परांची बांधणारा फिनले
सात महिन्यांनी कामावर परतला.
चेहरा धाकट्या भावाचा वाटत होता.
वाटीभर लापशी घेतली. एक घास. चमचा खाली.
चावत राहिला. पुन्हा चमचा.
अर्धी वाटी तशीच सरकवली.
टेबलावरचे सगळे फुटबॉलवर बोलत होते,
जरा जास्तच मोठ्याने.

सोपा रस्ता, मर्डोच्या मनात आलं.
लगेच लाज वाटली.
मग वाटलं, सोपा असता तर मी केव्हाच...
इथे त्याने विचार खाली टेकवला,
काचसामान टेकवावं तसा,
आणि हुक सोडवला नाही.

रात्री कपडे धुवायच्या खोलीत दोघंच.
ड्रायरची घरघर.
"दुखलं का?"
विचारायचं होतं दुसरंच.
फिनले जुन्या मापाची पँट दुमडत होता,
टाकून का दिली नाही कोण जाणे.
"दुखण्याचं काय," तो म्हणाला.
"पहिल्या महिन्यात मी आईच्या बटाट्याच्या सूपसमोर
बसून रडलो. दोन घोट. तिसरा जाईना.
ती म्हणाली, मीठ कमी पडलं का?"
बऱ्याच वेळाने:
"डॉक्टरची चिठ्ठी लागेल तुला. रांग लांब आहे."
मर्डोने तर काही विचारलं नव्हतं.

घरी फोन लावला.
बॉयलरचं झालं, मांजराचं झालं,
ऐल्साच्या गणिताच्या मार्कांचं झालं.
मग तो थांबला.
इशबेलही थांबली. तिने जे पोटात ठेवलं होतं
ते तिच्या श्वासात ऐकू येत होतं.
"नंबर कॅलेंडरच्या मागे लिहिलाय," ती म्हणाली.
"या वर्षीच्या नाही. मागच्याच्या मागच्या.
टाकलं नाही मी ते."

सकाळी वारा पडला.
पहिलं काम पाण्याच्या टाक्या उतरवायचं.
दोर ताणला.
टाकी सुटण्याआधी एक क्षण असतो,
क्रेनवाल्यांनाच ठाऊक,
भार अजून डेकचाही असतो आणि दोराचाही.
मर्डो त्या क्षणात
नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिला.
खाली इशारे करणारा पोरगा
हात वर धरून
बघतच होता.