वापरात बदल

बॅलार्ड इस्टेटमधल्या त्या इमारतीत पहिल्यांदा शिरले
तेव्हा खांद्यावर टेप, खिशात खडू,
आणि महापालिकेच्या अर्जात एक रकाना रिकामा :
प्रस्तावित वापर.

सध्याचा वापर लिहिणं सोपं होतं. काही नाही.
कबुतरं धरली तर पूर्ण ताबा.

तळाला कॉफीचं दुकान, पहिल्यावर तासाच्या भाड्याची टेबलं,
दुसऱ्यावर दातांचा दवाखाना, तिसऱ्यावर चार घरं.
गच्चीचं अजून ठरायचंय.
शेरनाझबाई म्हणाल्या, "तोंड तसंच ठेव डिकरी,
पोट काय ते बदल."
मी वहीत नोंदलं : दर्शनी भागाचे जतन.

टेपचं दुसरं टोक धरायला राऊळ. लिफ्टमन.
विमा कंपनी बुडाली, लिफ्ट अडकून अकरा वर्षं झाली,
तरी विचारलं की सांगायचा, लिफ्टमन.
"इथे कुठे पाणी मुरतंय का हो?"
"मुरता. पण खंयसून, ता कोणाक गावलां नाय."

गावलं. सत्तरीत कुणी भल्या माणसानं
पोरबंदरी दगडावर सिमेंट थापलं होतं,
आत दगड घामेजून घामेजून पापुद्रे टाकत बसला.
आम्ही ते सोललं. चुना भिजत घातला महिनाभर,
गूळ, बेलफळाचं पाणी.
नव्या दमाचा गवंडी हसला :
भिंत बांधताय की प्रसाद?

विश्राम मेस्त्री कठड्यावरचा रंग खरवडत होता,
पोपटी, मग सरकारी पिवळा, मग एक निळा
ज्याचं नाव आता कुठल्याच डब्यावर नाही,
आणि खाली साग.
नाक लावून म्हणाला, "अजून तेल आहे."
त्यानंतर दुपारभर गप्प.

पायऱ्या झिजल्या होत्या, पण मधोमध नाही, उजवीकडे.
डाव्या बगलेत खतावण्या, उजवा हात कठड्याला,
असे कारकून वर गेले असणार, साठ-सत्तर वर्षं.
मी तो खळगा मोजला. पाऊण इंच.
अग्निशमनच्या साहेबांनी रुंदी मोजली. चार इंच कमी.
मागे लोखंडी जिना लागेल, म्हणाले, हा नुसता शोभेला.
म्हणजे जिना राहणार,
जिन्याचं काम जाणार.

जिन्याखाली एक दार होतं, ते नकाशात आधीच
'विद्युत कक्ष' झालेलं.
आत एक फळी. दिनदर्शिकांचे खिळे, एकाखाली एक.
भिंतीवर गुडघाभर उंचीला स्टोव्हचा काळा गोल.
राऊळनं टोक धरलं, मी आकडा वाचला :
सात बाय साडेचार.
"सातच?" तो म्हणाला.
टेपकडे वाकून बघितलं, पुन्हा ताणून धरली.
"चौतीस वर्सां ऱ्हवलंय. माका नऊ वाटलेली."

अर्जात 'मिश्र' शब्दापुढे कंस होता :
निवासी, वाणिज्य, वैद्यकीय, इतर.
'इतर'पाशी पेन थांबलं.
मग वरून फोन आला पावत्यांचा, आणि राहिलंच.
गवंड्याला मात्र सांगितलं, तो काळा गोल सोड.
सोडला त्यानं. आज त्यावर मीटरची पेटी आहे.

नवी लिफ्ट काचेची. तिला माणूस लागत नाही,
बोट लागतं.
उद्घाटनाला राऊळ आला इस्त्रीचा शर्ट घालून.
मी म्हटलं, चला, वर बघून या.
आत शिरला तो थेट बटणांच्या बाजूला,
पाठ भिंतीला, तोंड लोकांकडे,
कुणी विचारायच्या आत हात पुढे.
कॉफीचे कप घेऊन दोघं, लॅपटॉपवाली एक मुलगी,
गाल धरून एक म्हातारे गृहस्थ.

दार उघडलं तसा तो खणखणीत म्हणाला,
"दुसरा मजला. मरीन क्लेम्स."

मुलगी हसली.
म्हातारे मान हलवून उतरले,
अगदी बरोबर मजल्यावर.