दोरीचं दुसरं टोक

तिकीट वीस रुपये. साठीच्या वरचे असाल तर दहा.
नायनांनी खिशातून आधारकार्ड काढलं, लॅमिनेशन सुटलेलं,
आणि दहा रुपये वाचले म्हणून
फाटकातून आत शिरताना त्यांचा चेहरा जरा खुलला.

मिलच्या मॅनेजरचा बंगला. आता संग्रहालय.
तेवीस वर्षं ते याच फाटकासमोरून सायकल मारत गेले,
पहिल्या पाळीला, अंधारात.
आत काय आहे विचारलं की म्हणायचे, झाडं.

खरंच, झाडं आहेत. दोन रेनट्री, एक बुचाचं,
आणि नावाची पाटी नसलेलं एक,
ज्याच्याखाली माळी डबा खात होता.

गाईड पोरगी हुशार. सुमेधा हत्तुरे, छातीवर बिल्ला.
हे हॅलिवेल साहेबांचं टेबल, हा त्यांचा हॅटस्टँड,
हा बाथटब, बोटीनं, मग रेल्वेनं,
मग स्टेशनापासून बैलगाडीनं आलेला.
कुणीतरी विचारलं, पाणी कोण भरायचं?
ती म्हणाली, ते कागदात नाही.

पडद्यापाशी नायना थांबले.
"मँचेस्टरचं कापड," पोरगी म्हणाली.
ते दोरखंडावरून वाकले, कोपरा उलटा केला,
अंगठ्यानं काठ चाचपला,
जसं पोराच्या कानामागं बघतात, अंघोळ झाली का म्हणून.
"आपलं हाय. चार नंबर खातं.
हितं बघ, कांडी संपली. पेंगत होतं कोणतरी."
एक आडवा धागा खरंच नव्हता.
पोरगीनं वहीत काहीतरी लिहिलं. नंतर खोडलंही असेल.

जेवणघरात वर पंखा. विजेचा नव्हे.
लाकडी दांडीला झालर, दांडीला दोरी,
दोरी कप्पीवरून भिंतीतल्या भोकात.
"यामुळं खोली थंड राहायची," ती म्हणाली
आणि सगळ्यांनी वर बघितलं.
नायनांनी भोकाकडं बघितलं.
भोकाला पितळेची कडी, एका बाजूनं
झिजून कागदाइतकी पातळ.
त्यांनी करंगळी आत घातली.
मग कुणाला काही न बोलता बाहेर गेले.

आज्जाला मी बघितलेलं नाही.
त्याच्या दोनच गोष्टी घरात सांगतात:
करीमनगरकडून बापाबरोबर चालत आला,
वाटेत चिंचेचा पाला खाऊन;
आणि त्याच्या उजव्या पायाचा अंगठा
बाकीच्या बोटांपासून लांब पळालेला होता.
पाय चेपताना नायना विचारायचे, हे कशानं?
आज्जा म्हणायचा, साहेबाला वारा लागत होता.
पोरं हसायची. तोही हसायचा म्हणे.

मागच्या पडवीत मी त्यांना गाठलं.
भोक बाहेर निघायला हवं तिथं एसीचं यंत्र,
आतले कागद टिकावेत म्हणून बसवलेलं,
सोलापूरच्या मे महिन्यात आणखी गरम हवा ओतणारं.
त्याच्या खाली, भिंतीवर,
माझ्या गुडघ्याच्या जरा वर, एक तेलकट डाग,
दरवर्षीच्या चुन्यातून पुन्हा वर आलेला.
मोठ्या माणसाचं डोकं तिथं टेकणार नाही.
अकरा वर्षांच्या पोराचं टेकेल, पाय पसरून बसला तर,
दुपारी दोनला, डोळे मिटत असताना.

नायना बसायला लागले. हात टेकत, गुडघे करकरत.
"तिथं बसू नका हो मामा," वॉचमन लांबनं ओरडला,
"बागेत बाकडी टाकलीत की!"
ते बसले.
डोकं डागाला लावायला
त्यांना बरंच खाली घसरावं लागलं,
हनुवटी छातीला भिडली, टोपी कपाळावर आली.
चप्पल काढली. उजवा पाय पुढं ताणला,
अंगठा मागं ओढला,
सोडला.

आत कुणाला काही लागलं नसणार.
यंत्र घुरघुरत होतं.
वॉचमन येईपर्यंत मी
त्यांच्या पायावर सावली पडेल अशी उभी राहिले.