उजवा कान

घरात माझी जागा ठरलेली, त्याच्या उजव्या हाताला.
डावा कान रंगनाथ पिशोरच्या डीपीपाशी सोडून आला
सत्त्याण्णव सालच्या एका दुपारी.
तेव्हापासून एसटीत, पंगतीत, दवाखान्याच्या बाकड्यावर
मी उजवीकडे.

पण डोंगराची पायवाट एका माणसापुरती.
डावीकडे खानदेश, पार खाली, कापसाचे पांढरे ठिपके,
उजवीकडे नुसता कुसळाचा चढ.
कन्नडहून निघून अजिंठा गाठायचा, कड्याकड्यानं.
आज तिसरा दिवस.
धपाटे काल संपले. पीठ आहे, गूळ आहे,
आणि त्याच्या सॅकमध्ये पक्कड, टेस्टर, तारेचं एक भेंडोळं.
कशाला, विचारलं, तर म्हणे राहू दे.

लेक म्हणाली होती, काहून मम्मी या वयात?
मी म्हटलं, रिटायर माणसाचं घरात काही चालत नाही,
म्हणून डोंगरात चालवून आणते.

खुणा त्यानंच शिकवल्या, खांबावरून खाली करायच्या त्या:
मूठ वर, थांब.
पंजा पसरला, पाणी.
दोन्ही हात हलवले, लाईन बंद कर, माणूस वर आहे.
मी पुढे, तो मागे. त्याच्या उरलेल्या कानात वारा.

एका गुराख्याला विचारलं, अंतूर किती लांब?
दोन बिड्या, म्हणाला.
आम्ही बिडी ओढत नाही. चार तास लागले.

सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती.
असं मोकळं, कुणी ऐकत नसलेलं रान
मला आयुष्यात मिळालं नव्हतं.
म्हणून बोलत सुटले.
आधी सूनबाईचं. मग गुडघ्याचं.
मग, कसं कोण जाणे, पाटल्यांचं:
शिवन्याच्या जत्रेत चोरीला नव्हत्या गेल्या,
मी मोडल्या, दादाच्या जामिनासाठी.
तू तीन दिवस पोलीस ठाण्यात खेटे घातलेस,
मी चहा करून देत राहिले.

बोलून झालं आणि मागे वळले
तर वाट रिकामी.

हाक मारायला तोंड उघडलं.
कुणाला मारणार?
धावड्याच्या झाडाआड एक भारद्वाज, बाकी ऊन.
छाती अशी धडधडली की सॅकचे पट्टे हलले.
मग ताटली काढली, स्टीलची, माझ्या माहेरचं नाव घातलेली,
उन्हात धरली, तिरपी केली,
त्या सगळ्या उतारावर कवडसा फिरवला
कुणी झाडून काढावं तसा.

बऱ्याच वेळानं खालच्या वळणावर
दोन हात हलले. लाईन बंद कर, माणूस वर आहे.

बुटाचा तळ सुटला होता. तारेनं आवळून आला,
पक्कड खिशात, चेहऱ्यावर ड्यूटीवरचं समाधान.
मी रडले नाही. शिव्या दिल्या.
त्या त्यानं ओठांवरून वाचल्या आणि हसला.

किल्ल्याच्या अलीकडे जुना मैलाचा दगड,
फारसी अक्षरं, कुठलं तरी गाव, कितीतरी कोस.
त्यानं मीटर तपासल्यासारखी बोटं फिरवली,
म्हणाला, रीडिंग बरोबर आहे.

रात्री टाक्यापाशी तंबू. भाकर एका बाजूनं करपली.
थंडी अशी की तारेसुद्धा जवळजवळ बसलेले.
पीठ माझ्या मनगटावर वाळलं होतं,
त्यानं अंगठ्यानं खरवडून काढलं,
जिथं पाटली असते तिथलं, जरा जास्त वेळ.
तळ कुठं सुटला होता, मी विचारलं नाही.
सकाळपासून सुटला होता, की पाटल्यांच्या नंतर?

मग टॉर्च विझवता विझवता बोलला,
उद्या मी पुढं राहतो. मलाही जरा बोलायचंय.

माझे दोन्ही कान शाबूत आहेत.
त्याला ते ठाऊक आहे.