भोकं कुठे पाडलीस

सात भोकं पाडली मी बर्फाला,
सातही ठिकाणी पट्टी बेचाळिसाच्या पुढे.
शाई गोठली होती,
आकडे पेन्सिलीने लिहिले.
समोर होन्कासारी बेटावर
अकरा घरं पावाची वाट बघत होती.
ताउनोची गाडी धूर सोडत उभी,
आत मैद्याची पोती, टपाल,
आणि कुणाचं तरी शिलाई मशीन.

मी म्हटलं, जाऊ दे. सातांपैकी सात.

केर्त्तू घसरगाडीवर बसून ऐकत होती.
चाळीस हिवाळे तिने या सरोवरावर रस्ता आखला,
आता गुडघे गेले, नजर राहिली.
आकडे तिने विचारलेच नाहीत.
म्हणाली, भोकं कुठे पाडलीस?

कुठे म्हणजे?
चालता आलं तिथे.
वाऱ्याने हिम झाडून नेलं होतं तिथे.
आणि हिम मांडीपर्यंत होतं तिथे?
तिथे गेलो नाही.

हिम म्हणजे गोधडी रे,
गोधडीखालच्या पाण्याला थंडी उशिरा कळते.
तू उघडी पाठ तेवढी चाचपलीस
आणि म्हणालास, अंगात ताप नाही.
शितावरून भाताची परीक्षा होते, खरंय.
हे तळं कुणी ढवळलंय?

ताउनो खाली उतरला.
मला तिघांनी सांगितलंय, रस्ता पक्का आहे:
पंपावरचा रेइयो, शाळेतली बाई, चर्चचा घंटावाला.
त्यांना कुणी सांगितलं?
थोडा वेळ नुसतं इंजिन बोललं.
रेडिओने, तो म्हणाला.

मग तिने स्वतःकडचं काढलं.
दोन खडकांमधल्या चिंचोळ्या जागी
परवा पाणमांजराचे ठसे ताजे होते.
त्याला कुठूनतरी वर यायला वाट आहे.
आणि बत्तीस वर्षांमागे माझा भाऊ तिथेच.
हे मी एकदाच धरते.
रात्री ते शंभरदा येतं,
हिशोबात एकदाच.

मोडेल का मग?
मोडेल असं मी कुठे म्हटलं!
मोडणार नाही म्हणायला
तुझ्याकडे अजून पुरेसं नाही, एवढंच.

मांडीभर हिमातून गेलो, धापा टाकत.
आठवं भोक अडतीस.
खडकांपाशी नववं,
चोवीस,
आणि पट्टीला खालून पाण्याची ओढ.

पाव हातगाड्यांवरून गेला, लांबच्या काठाने.
मशीन राहिलंच.

आठवड्याने एक पोरगा
पैजेखातर मोटार घेऊन त्याच खडकांमधून गेला
आणि पलीकडे पोचून भोंगा वाजवत राहिला.
गावभर लोक माझ्याकडे बघून हसले.
मी केर्त्तूकडे गेलो. आपलं चुकलं का?

तिने वही ओढून घेतली.
लिही, म्हणाली.
हलकी मोटार, एकटा माणूस, उणे सव्वीस, पोचला.
आपल्याविरुद्ध जातं म्हणून गाळू नकोस.

मी लिहिलं.
खाली आणखी एक ओळ लिही, ती म्हणाली:
त्या दिवशी बेटावर पाव शिळा पोचला.