टोपलीसकट

तारामुंब्रीला परत आले त्या आठवड्यात
मी तीन कप फोडले.
चहा संपला की कप हवेत सोडून द्यायचे,
तो तिथेच थांबेल अशा भरवशाने,
आणि बोलायला दुसरीकडे वळायचे.
वहिनीने स्टीलचा पेला काढला. बोलली काही नाही.

सात वर्षं वर होते.
तिथे पाऊल टेकत नाही, अडकवतात;
दांडीखाली बोटं खुपसून उभं राहायचं.
म्हणून तळवे तान्ह्या पोरासारखे मऊ
आणि घट्टे पडलेत ते पावलांच्या वरच्या अंगाला.
न्हाणीत ते बघून वहिनी थबकली,
"थंय उलट्या पायान चालत होतंस काय गो?"

तिथे रडू गळत नाही.
डोळ्यावरच साचतं, फुगतं,
बोटाने उचलून बाजूला करावं लागतं.
हे घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

गुणाजी म्हणतो, बांगड्याला पाण्यात कुठलं वजन?
ते लिलावात येतं.
माझा भाऊ. त्यानेच मला खाडीत नेलं,
भरती पुरी चढल्यावर,
गळ्याइतक्या पाण्यात उभी केली:
आता हलायचं नाही. ओहोटी आपलं काम करील.

पाणी उतरू लागलं.
आधी खांद्यांना कळलं, मग बरगड्यांना.
कमरेखाली गेलं तेव्हा
पाठीवर कुणी भिजलेलं जाळं टाकलं जणू.
गुडघे लटपटले.
खडकावर पाय ठेवला तर कालवाची धार लागली,
मऊ तळव्याला रक्ताचा थेंब लोंबला,
लोंबला,
आणि पडला.
किती सरळ पडला!

रोज वीतभर जास्त.
अमावास्येला ओढ जबर असते,
त्या दिवशी गुणाजी हात सोडत नाही.

घरी भाचा दहा महिन्यांचा.
पाळण्यातून चमचा टाकतो,
वाजला की खिदळतो, परत मागतो.
आमचं दोघांचं पुस्तक एकच चाललंय,
वर्गात तो पुढे आहे.

काल लिलाव उरकल्यावर
गुणाजीने मला मोठ्या काट्यावर बसवलं,
बर्फाच्या पाण्याने ठिबकणाऱ्या टोपलीत.
बायका हसल्या. एकीने बोलीसुद्धा लावली.
काटा डुगडुगला, थांबला.
"एकेचाळीस!" तो ओरडला, "टोपलीसकट!"
आणि टोपलीचं वजा करायला
विसरला,
की मुद्दामच केलं नाही.