वहिवाट

वकीलबाईंनी सांगितलंय, पत्र साधं असावं.
आपण कोण, हिला कधीपासून ओळखता,
आणि ती इथंच राहत होती, एवढं शपथेवर.

मी वेंडेल प्युसी. वय एकोणऐंशी.
पेनसिल्व्हेनियातल्या या गावात
अळंब्यांच्या शेडचे बॉयलर छत्तीस वर्षं सांभाळले.
ओब्दुलिया रेयेस माझी शेजारीण.
तिला मी ओळखतो
इथं पेन अडतं.

तारीख हवी. माझ्याकडे तारखा नाहीत.
ज्या हिवाळ्यात बर्फ टपालपेटीच्या वर गेलं
त्या हिवाळ्यात पलीकडच्या घराला पडदे लागले.
लॉर्नाचे केस गेले त्या वर्षी
हिची धाकटी पहिलीत होती,
आमच्या पायरीवर सूपचा डबा ठेवून पळायची.
रिकामा डबा परत देऊ नये म्हणून
लॉर्ना त्यात आल्याची बिस्किटं भरायची,
मोजून सहा.
हे शपथेवर चालतं का?

ओब्दुलिया म्हणते, कागद मागतात.
आणि हसते,
कारण बावीस वर्षं तिनं एकच गोष्ट जपली :
कागदावर यायचं नाही.
पहाटे दोनला कपाळाला दिवा बांधून
ती शेडच्या अंधारात शिरायची,
देठ हलकेच पिरगळून अळंबी काढायची
अशी, की काढल्या जागी खूण उरू नये.
आता म्हणतात, खुणा दाखव.

बुटांच्या खोक्यात निघालं ते असं :
दाताच्या डॉक्टरची चार बिलं,
गाडीचा मागचा दिवा फुटल्याचा दंड, भरलेला,
मुलीचं लसींचं कार्ड,
आणि पगाराची एक चिठ्ठी,
तिच्यावर नाव भलत्याच कुणाचं.
ती मी पाहिली. पालथी ठेवली.

शपथ आहे, म्हणून हेही लिहितो.
मागच्या निवडणुकीत माझ्या अंगणात पाटी होती.
कामावर जाताना तिनं ती रोज वाचली असणार.
नियम तो नियम, असं मी आजही म्हणतो.
बॉयलरवर माझ्या हाताखाली होता तो झिगमुंट
अकरा वर्षं पोलंडात शिक्क्याची वाट पाहत बसला,
मग आला.
त्यानं विचारलं, माझ्या अकरा वर्षांचं काय,
तर मी बूट बघत राहतो.

पण एक गोष्ट वकीलबाईंनी विचारलीच नाही.
आमचं मागचं कुंपण तीन फूट चुकलं होतं.
वडिलांनी घाईत ठोकलेलं, हॅनमच्या जमिनीत.
एकवीस वर्षांवर काळ गेला, कुणी हरकत घेतली नाही,
आणि कोर्टानं ते तीन फूट माझ्या नावावर केले.
न्यायाधीश म्हणाले, उघड वापरलीत,
लपूनछपून नाही,
गवत कापलंत, राखलीत,
आता तुमची.
चूक होती तीच हद्द झाली.
त्या रात्री मला छान झोप लागली.

ही लपली होती का?
दर सोमवारी हिचे कपडे दोरीवर असत,
सगळ्या रस्त्याला दिसतील असे.
पोलीस हात करून जात.
शाळेच्या बसनं हिच्याच दाराशी हॉर्न वाजवला,
तेरा वर्षं.
थंडीत गाडी बसली की ही माझं दार ठोठावायची,
मी केबल घेऊन बाहेर यायचो,
आणि ज्यांना पाटी दिसत होती
त्यांना हेही दिसत होतं.

जमिनीला वहिवाट लागते.
माणसाला का लागत नाही, ते मला माहीत नाही.
मी बॉयलरवाला. दाब वाढला की
झडप थोडी सैल करायची, एवढं कळतं.

अर्जाच्या तळाशी रकाना आहे : नातं.
'शेजारी' लिहिलं. खोडलं नाही,
पण बराच वेळ त्याकडे पाहत बसलो.

मग पत्ता.
आधी माझा लिहिला.
खाली तिचा : तेच गाव, तोच रस्ता,
फक्त घराचा आकडा दोननं पुढे.