नोंदवणारी

दुसरी पाळी सुटते तेव्हा अंबडच्या चौकात
बुर्जी-पावचा एकच गाडा जागा असतो.
घरी येऊन मी पाय धुते, चहा ठेवते
आणि सर्व्हरला विचारते, काय रे, आहेस ना?
तो आकड्यांत बोलतो.
डिस्क एक्क्याण्णव टक्के. प्रमाणपत्राला अकरा दिवस.
बॅकअप काल अर्ध्यावर थांबला.

याचे पैसे किती मिळतात, आई विचारते.
काही नाही.
म्हणजे शेजाऱ्यांचं पाणी भरायचं, तेही फुकट?
अगदी तसंच, मी म्हणते,
फक्त शेजारी कोण ते ठाऊक नसतं.

आम्ही चाळीसेक जण एक शब्दसंग्रह सांभाळतो,
कुणाच्याही यंत्राला मराठी नीट लिहिता यावी म्हणून.
एक लातूरला, एक बेळगावात बँकेत, कैवल्य म्युनिकला.
ऱ्हस्व-दीर्घावरून रात्री दीड वाजता कडाडून भांडतो
आणि सकाळी कुणीतरी गुपचूप दुरुस्ती करून ठेवलेली असते.
ते सगळं उभं आहे ती जागा झाडायची,
कुलूप लावायचं, दिवा चालू आहे का बघायचं,
हे माझ्याकडे.
कसं आलं माझ्याकडे, आठवत नाही.
बहुधा कुणीतरी विचारलं आणि मी त्या वेळी जागी होते.

मागच्या महिन्यात एकाची पत्रं परत येऊ लागली.
दिगंबर वाघचौरे, ओझर.
कारण: पेटी भरली आहे.
असा माणूस नाही, असं नव्हे.
पत्ता चुकला, असंही नव्हे.
पाच पत्रं परतली की यंत्रणा विचारते,
काढू का हे नाव?
मी दर वेळी ‘नंतर’ दाबलं.

अकरा वर्षं. इथून वीस-बावीस किलोमीटर.
भेट एकदाही नाही.
विमानाच्या कारखान्यातून निवृत्त, मग भावाच्या बागेत,
आणि बागेतून शब्द पाठवायचे:
ओलांडा, खरडछाटणी, मणीगळ, वांझकाडी.
यंत्र प्रत्येकाखाली लाल रेघ ओढायचं.
ते लिहायचे, शब्द बरोबर आहे बाई,
यंत्राला अजून द्राक्षं माहीत नाहीत.

रविवारी आडगाव नाक्यावरून स्कूटर काढली.
सून दारात आली, हाताला कणीक.
बाबा दिवाळीनंतर गेले, म्हणाली,
कॉम्प्युटरवर आता पोरं गाड्या पळवतात.
मग आत जाऊन पतसंस्थेची जुनी डायरी आणली.
हे तुमच्याच कामाचं असेल.

शिसपेन्सिलीनं दोनशे बारा शब्द.
तारखांशी काही संबंध नाही.
चौदा मार्चच्या पानावर:
‘चिपाड आणि धसकट एकच का? बाईंना विचारणे.’

बाईंना म्हणजे मला.
मी सिडकोत वाढले. मला कुठलं ठाऊक?
रात्री आईला विचारलं. ती भांडी विसळत होती.
एकच कसं असेल, म्हणाली.
चिपाड हातात येतं. धसकट पायात जातं.

मी ते तसंच लिहून घेतलं.

मग एकेक शब्द भरत गेले, पहाटे चारपर्यंत.
नोंद करताना यंत्रणा दोन नावं मागते,
लिहिलं कुणी, नोंदवलं कुणी.
एरवी दोन्हीकडे एकच नाव पडतं,
मी कधी थांबून वाचलंही नव्हतं.
पहिल्या जागी टाकलं, दिगंबर वाघचौरे.
दुसऱ्या जागी माझं.
चिपाडाच्या शब्दाला तिसरी जागा हवी होती, आईसाठी.
ती सोय नाही.

नवी भर सगळ्यांना आपोआप कळते.
म्युनिकहून कैवल्यनं लगेच लिहिलं,
अरे वा, काका बऱ्याच दिवसांनी!
मी उत्तर लिहिलं. पुसलं.
परत लिहिलं, तेव्हा खिडकीबाहेर दूधवाल्याचे क्रेट वाजत होते.

तेवढ्यात ओझरला गेलेली प्रत परत आली.
पेटी भरली आहे.
काढू का हे नाव?

नंतर.

आज पहिली पाळी, सहा चाळीसची बस.
प्रमाणपत्राला सात दिवस.